दाढी करताना, मान वळवताना अचानक शुद्ध हरपते? कारण मानेतही असू शकतं

दाढी करता करता आजोबा अचानक कोसळतात. मिनिटभरात शुद्धीवर येतात आणि म्हणतात, "काही नाही, पाय घसरला." घरचेही अशक्तपणा समजून विषय सोडून देतात. पण असं पुन्हा पुन्हा होत असेल, तर कारण मानेत असू शकतं.

मानेत नेमकं काय होतं?

मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीला जबड्याखाली दोन फाटे फुटतात. तिथल्या फुगीर भागाला कॅरोटिड सायनस म्हणतात. रक्तदाब वाढला की हा भाग मेंदूला कळवतो. मग मेंदू हृदयाचे ठोके कमी करतो आणि रक्तवाहिन्या सैल करतो.

काही जणांमध्ये, विशेषतः वयस्कर पुरुषांमध्ये, हा भाग अतिसंवेदनशील होतो. मग घट्ट कॉलर किंवा झटकन मान वळवणंही पुरतं. हृदय काही सेकंद थांबतं किंवा रक्तदाब एकदम घसरतो आणि माणूस बेशुद्ध पडतो.

निदान कसं होतं?

आधी ईसीजी काढतात, झोपून आणि उभं राहून रक्तदाब मोजतात. मग डॉक्टर मानेच्या एकेका बाजूला 5 ते 10 सेकंद मसाज करतात. त्या वेळी ईसीजी आणि रक्तदाबावर सतत लक्ष असतं. हृदय 3 सेकंदांहून जास्त थांबलं किंवा वरचा रक्तदाब 50 ने उतरला आणि नेहमीसारखी चक्कर आली, तर निदान पक्कं होतं.

ही चाचणी घरी अजिबात करू नका. मसाजमुळे क्वचित पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. नुकताच पक्षाघात किंवा हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांवर डॉक्टरही ती टाळतात.

उपचार काय?

सैल कॉलर वापरणं, मान सावकाश वळवणं, पुरेसं पाणी पिणं इथून सुरुवात होते. बीपीच्या गोळ्यांचा डोस डॉक्टर तपासतात. तो स्वतःहून बदलू नका. हृदय थांबल्यामुळे वारंवार शुद्ध हरपत असेल, तर पेसमेकर बसवतात. मात्र फक्त रक्तदाब घसरत असेल, तर पेसमेकरचा फारसा उपयोग होत नाही.

अनेक वयस्करांना आपण बेशुद्ध झालो होतो हे आठवतच नाही. म्हणून पडताना ज्यानं पाहिलं, त्यानं दवाखान्यात सोबत जावं. मोडलेल्या हाडावर प्लास्टर झालं, तरी "ते पडले कशामुळे?" हा प्रश्न डॉक्टरांना नक्की विचारा.