आधी पाज, मग टोच

धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या गावच्या अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी दीड महिन्याचं लेकरू येतं, तेव्हा तोंडातल्या थेंबांशिवाय त्याच्या वाट्याला तीन टोचण्या असतात: डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोनियाची लस, उजव्या दंडात पोलिओची. नर्सबाई सिरिंज भरतात, आशाताई कार्ड बघतात, आजी पाय घट्ट धरायला सरसावते. लेकरू किंचाळलं की मग सगळ्या आईला म्हणतात, “घे गं आता, पाज त्याला.”

हा क्रम उलटा केला तर? बाळाला आधी पाजायला घ्यायचं, ते नीट ओढू लागलं की मांडीत टोचायचं आणि पाजणं तसंच चालू ठेवायचं. एवढ्यानं रडणं खरोखर कमी होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली हाच सल्ला दिला. ठसक्याची धास्ती वाटत असेल तर टोचण्याच्या जरा आधी पाजलेलंही चालतं.

यामागचं शरीरशास्त्र थक्क करणारं आहे. मोठ्या माणसाच्या मेंदूकडून मज्जारज्जूकडे वेदना दाबणारे संदेश उतरत असतात. नवजात बाळात ही व्यवस्था अजून कच्ची असते. म्हणजे गाडी सुरू झालेली, पण ब्रेक अजून पुरते बसलेले नाहीत! अशा वेळी आईची ऊब, वास, चोखणं आणि दुधाची गोडी मिळून बाहेरून आवर घालतात. उंदराच्या पिल्लांना साखरपाणी दिलं की त्यांना वेदना कमी जाणवते. पण अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखणारं औषध आधी दिलं, तर साखरेचा हा गुण नाहीसा होतो. गोड चव शरीरातलंच वेदनाशामक जागं करते, असं त्यावरून दिसतं.

आणि हे सगळं अलीकडचं ज्ञान आहे. तान्ह्या बाळांना वेदना फारशी कळतच नाही, या समजुतीनं १९८०च्या दशकापर्यंत त्यांच्यावर अगदी अपुरी भूल देऊन शस्त्रक्रिया होत असत. वाचतानाही पोटात कालवतं. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी १९८७ साली दाखवून दिलं, की अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शस्त्रक्रियेत नीट वेदनाशामक दिलं तर त्यांच्या शरीरावरचा ताण कमी होतो आणि गुंतागुंतही कमी होते.

सुई टोचण्याच्या रीतीनंही फरक पडतो. स्नायूत टोचल्यावर रक्त येतं का हे पाहायला दट्ट्या मागे ओढायची जुनी सवय लसीपुरती आता अनावश्यक ठरली आहे. मांडीच्या ज्या भागात लस टोचतात तिथे मोठी रक्तवाहिनी नसते आणि ओढाताणीनं सुई उगाच जास्त वेळ आत राहते. एकाच वेळी अनेक लसी असतील तर जास्त झोंबणारी शेवटी द्यावी.

पाचव्या वर्षीच्या डीपीटीच्या बूस्टरपर्यंत मूल मोठं झालेलं असतं. तेव्हा त्याला आडवं दाबून धरू नये, मांडीवर ताठ बसवावं आणि लांब फुंकर मारायला लावावी. “दुखणार नाही” असं खोटं सांगू नये. “रडलास तर सुई देईन” हा घरातला धाक तर त्याच्या खूप आधीच बंद झालेला बरा.