गोळी घेऊनही खाज का थांबत नाही?

गगनबावडा, राधानगरीकडच्या रानात हिवाळ्यात खाजकुयलीच्या शेंगा वाळतात. त्यांवरची तपकिरी कुसे अंगाला लागली, की माणूस खाजवून बेजार होतो. पण अंगावर पित्त उठल्यावर जशा लाल गांधी येतात, तशा इथे सहसा दिसत नाहीत. खाज दोन्हीकडे असते, रसायन मात्र वेगळे.

पित्ताच्या गांधी उठतात त्या हिस्टामिनमुळे. त्वचेतील मास्ट पेशी ते सोडतात. सेट्रिझिनसारखी गोळी हिस्टामिनची वाट अडवते, म्हणून आराम पडतो. खाजकुयलीच्या कुसांत मात्र म्युकुनेन नावाचे, प्रथिने तोडणारे विकर असते. ते खाजेच्या मज्जातंतूंना दुसऱ्याच वाटेने चेतवते. तिथे हिस्टामिनचा संबंध नसतो.

इसबातली खाजही बरीचशी हिस्टामिनविना चालते. त्वचेचा वरचा थर आधीच कमकुवत असतो. दाहाच्या जागी जमलेल्या पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन ४, १३ आणि ३१ ही रसायने सोडतात. ती थेट मज्जातंतूंना चाळवतात. इसबाच्या त्वचेवर वाढणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणूही एका विकराने खाज आणतो, हे हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दाखवले. खाजवल्याने त्वचा आणखी सोलवटते, दाह वाढतो आणि पुन्हा खाज सुटते.

म्हणूनच इसब झालेले मूल ॲलर्जीची गोळी घेऊनही रात्रभर खाजवत राहते. काही गोळ्यांनी गुंगी येते, पण मूळ खाज जात नाही. मग कंटाळून कुणीतरी सुचवलेली ट्यूब मेडिकलमधून आणली जाते. तिच्यात अनेकदा तीव्र स्टेरॉइड असते. ते दाहाची रसायने दाबते आणि चार दिवसांत खाज कमी होते. पण चट्टा गजकर्णाचा असेल, तर बुरशीला मोकळे रान मिळते आणि तो आतल्या आत पसरतो.

इसबात त्वचेचा थर सांधणे महत्त्वाचे. कोमट पाण्याने झटपट आंघोळ घालावी. अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर किंवा साधी पेट्रोलियम जेली भरपूर लावावी. नखे बारीक कापावीत. डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड मलम सांगितले तितकेच दिवस वापरावे; घाबरून ते टाळूही नये.

खाजेने झोप मोडत असेल, चट्टे पसरत असतील किंवा घरात एकापेक्षा जास्त जणांना रात्री खाज सुटत असेल, तर ती खरूजही असू शकते. अशा वेळी ट्यूब बदलत बसण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.