काखेत कळसा, चांदीला वळसा

२००९च्या जुलैअखेरीस जपानचे अंतराळवीर कोइची वाकाता साडेचार महिन्यांच्या मुक्कामानंतर पृथ्वीवर परतले आणि जगभर बातमी झाली ती त्यांच्या चड्डीची. अंतराळ स्थानकावर त्यांनी एकच चड्डी सुमारे महिनाभर घातली होती, न धुता. हा आळस नव्हता, प्रयोग होता. स्थानकावर धुलाईची सोय नाही. मळलेले कपडे कचऱ्यासोबत मालवाहू यानात भरतात आणि ते यान परतीच्या वाटेवर वातावरणात जळून जाते. नवे कपडे वर धाडायचे तर किलोकिलोचा हिशेब. म्हणून जपानी अंतराळ संस्थेने तिथल्या महिला विद्यापीठातल्या वस्त्रतज्ज्ञांना हाताशी धरून ‘जे-वेअर’ नावाचे कपडे तयार केले: जंतूंना आळा घालणारे, घाम टिपणारे, लवकर वाळणारे. २००८ मध्ये ताकाओ दोई यांनीही ते वापरून पाहिले होते. एकाही सहकाऱ्याने तक्रार केली नाही, असे वाकाता यांनी सांगितले. अर्थात स्थानकावर निवडून पाठवलेली माणसे सभ्यच असणार.

मुंबईच्या लोकलमध्ये इतकी सभ्यता परवडत नाही. वरची कडी धरायला हात वर गेला की शेजारी उभ्या असलेल्या बुटक्या माणसाचे नाक नेमके काखेच्या उंचीवर येते. या अडचणीवर आता बाजाराने तोडगा आणला आहे. ‘अँटी-ओडर’, ‘ओडर कंट्रोल’, ‘स्टे फ्रेश’ अशी लेबले मिरवणारे टी-शर्ट, बनियन आणि मोजे मॉलपासून मोबाइलवरच्या दुकानांपर्यंत सगळीकडे मिळतात. लेबल खरे की खोटे, याचे उत्तर शोधायला निघाले की वाट काखेतून सुरू होते, प्रयोगशाळेत जाते आणि शेवटी शिंप्याच्या दुकानात पोहोचते.

आधी काख. ताज्या घामाला वास जवळजवळ नसतोच. अंगभर पसरलेल्या एक्राइन ग्रंथी सोडतात ते बहुतांशी पाणी आणि मीठ. काखेत, जांघेत असतात त्या अपोक्राइन ग्रंथी. त्या वयात आल्यावर जाग्या होतात आणि त्यांचा स्राव दाटसर, स्निग्ध असतो. तोही निघताना गंधहीन. मात्र काखेतल्या दमट, उबदार जागेत कोरिनेबॅक्टेरियम आणि स्टॅफिलोकॉकस होमिनिस यांसारखे जिवाणू वस्तीला असतात. त्या स्रावातले गंधहीन रेणू ते तोडतात आणि त्यातून उडून जाणारे छोटे रेणू सुटतात. त्यातल्या एका आम्लाचा वास बोकडाच्या अंगाकडे झुकतो, दुसऱ्याचा जिऱ्याकडे, आणि गंधक असलेल्या एका रेणूचा थेट कांद्याकडे. हा कांदेवाला रेणू होमिनिस ज्या विकराने तयार करतो, त्याची रचना इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये उलगडली.

वासाचे प्रमाण जन्मासोबतही येते. एबीसीसी-११ नावाच्या जनुकात एका अक्षराचा फरक असला की काखेत हा कच्चा मालच फारसा पोचत नाही आणि कानातला मळही कोरडा राहतो. चीन, कोरिया, जपान या भागातल्या बहुसंख्य लोकांत हाच फरक आढळतो. गंमत अशी की ज्या जपानात काखेचा वास मुळात कमी, त्याच जपानने कपड्यांच्या वासाच्या कसोट्या फार बारकाईने बांधल्या आहेत. घामाच्या वासासाठी अमोनिया, अ‍ॅसेटिक आम्ल आणि आयसोव्हॅलेरिक आम्ल कापडाने किती शोषले हे तिथे मोजतात. उतारवयातल्या अंगवासासाठी नोनेनाल हा आणखी एक रेणू तपासतात.

इथवर दोष जिवाणूंचा. पण आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून निघालेल्या माणसाच्या शर्टाला तासाभरात कालचाच वास का येतो? इथे कापडाची भानगड सुरू होते.

२०१४ मध्ये बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठात ख्रिस कॅलेवार्ट आणि सहकाऱ्यांनी २६ निरोगी माणसांना व्यायामाच्या सायकलवर घाम फुटेस्तोवर पिटाळले. त्यांचे टी-शर्ट २८ तास ठेवून दिले आणि मग प्रशिक्षित नाकांपुढे आणले. पॉलिएस्टरचे टी-शर्ट सुती टी-शर्टांपेक्षा जास्त उग्र आणि जास्त ओंगळ वासाचे ठरले. त्याहून रंजक गोष्ट जिवाणूंची. त्वचेवर वासाला मुख्यतः जबाबदार असलेले कोरिनेबॅक्टेरियम कापडावर वाढताना दिसलेच नाहीत. कृत्रिम धाग्यावर माजले ते मायक्रोकॉकस. म्हणजे काखेतला संसार वेगळा आणि शर्टातला वेगळा.

त्याआधी, २००७ मध्ये, न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात रेचल मॅक्वीन यांनी लोकर, सूत आणि पॉलिएस्टरची तुलना केली होती. पॉलिएस्टर सगळ्यांत वासट, लोकर सगळ्यांत कमी, सूत मधोमध. आणि वासाची ही उतरंड जिवाणूंच्या संख्येशी जुळत नव्हती. लोकरीवर जिवाणू जिवंत होते, पण वास बाहेर येत नव्हता. या एका निरीक्षणात पुढच्या सगळ्या जाहिरातींचे उत्तर आहे.

कारण धाग्याच्या स्वभावात आहे. नेहमीच्या हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरते, लोकर १६ टक्क्यांच्या आसपास, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. पॉलिएस्टरला पाणी नको असते, तेल मात्र हवे असते. घामातले पाणी ते कडेकडेने वाहू देते, म्हणून कपडा चटकन वाळतो. पण घामातली स्निग्धता आणि तेलात विरघळणारे वासाचे रेणू धाग्याला धरून राहतात. साध्या धुण्यात ते पुरते सुटत नाहीत आणि ऊब मिळाली की पुन्हा हवेत येतात. सूत आणि लोकर उलट वागतात. ते वासाचे रेणू ओलाव्यासकट पोटात घेतात, धुतल्यावर बरेचसे सोडून देतात. मेरिनो लोकरीचे महागडे बनियन गिर्यारोहक आठवडाभर घालतात ते याच बळावर. आपल्या धनगरांची घोंगडी वर्षानुवर्षे पाणी न बघता चालते, त्यामागेही लोकरीचा हाच गुण आहे.

खात्री करायची असेल तर इस्त्री तापवा. पॉलिएस्टरचा एखादा जुना, नीट धुऊन कडक वाळवलेला शर्ट घ्या. पाठ, कॉलर, बाह्या करा, काही जाणवणार नाही. मग मुंढ्याच्या शिवणीवर वाफेची इस्त्री दाबा. कपड्यातून वर येतो तो साबणाचा वास नसतो. इस्त्रीवाल्यांना तो पाठ असतो, गिऱ्हाइकाला ते सांगत नाहीत एवढेच.

तरी पॉलिएस्टरला सरसकट झोडणे अन्यायाचे होईल. १९६०च्या दशकात ठाण्यात ‘केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडिया’ने ‘टेरीन’ काढायला सुरुवात केली. टेरिलिन, टेरीकॉट हे शब्द घरोघरी गेले. चाळीच्या गॅलरीत रात्री पिळून टाकलेला शर्ट सकाळी कोरडा, सुरकुती नाही, रंग जात नाही, दहा वर्षे फाटत नाही. दोन शर्टांवर नोकरी काढणाऱ्या माणसाला याहून मोठे वरदान नव्हते. वास ही त्या वरदानाची किंमत होती आणि ती लोकांनी समजून उमजून दिली.

वासासाठी खास कपडे शिवणे मात्र पॉलिएस्टरच्या कितीतरी आधीचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका-युरोपातल्या बायका रेशमी झग्यांच्या काखेत रबर आणि सुती कापडाच्या चंद्रकोरी गाद्या बसवत. झगा धुता येत नसे, गादी काढून धुता येई. न्यूयॉर्कच्या क्लाइनर्ट कंपनीने यावर मोठा धंदा उभारला. पुढे सिनसिनाटीच्या एडना मर्फी यांनी ‘ओडोरोनो’ हे घाम रोखणारे द्रव्य बाजारात आणले. ते इतके आम्लधर्मी होते की त्वचा चुरचुरे आणि कपडाही खाल्ला जाई. १९१९ मध्ये त्याच्या जाहिरातीने बायकांच्या काखेचा विषय छापील पानावर काढला, तेव्हा सुमारे २०० वाचकांनी त्या मासिकाची वर्गणी बंद केली. खप मात्र दुपटीहून वर गेला. लाज विकता येते हे तेव्हाच सिद्ध झाले. गाद्या मात्र संपल्या नाहीत. पैठणीवरच्या रेशमी ब्लाउजला आजही जाणता शिंपी सुती अस्तर लावतो आणि विचारतो, ‘ताई, घामाचे पॅड टाकू का?’

आता आजच्या लेबलाकडे. त्यामागे ढोबळमानाने दोन वाटा आहेत: जंतू मारा किंवा वास पकडा.

मारण्याच्या वाटेवर चांदी आघाडीवर आहे. नायलॉनच्या धाग्यावर चांदीचा थर चढवतात, किंवा तयार कापडाला सिल्व्हर क्लोराइडचे संस्करण करतात. ओलाव्यात चांदीचे आयन सुटतात आणि जिवाणूंची विकरे बंद पाडतात. प्रयोगशाळेत आकडे डोळे दिपवतात, ‘९९.९ टक्के जंतूंचा नाश’. पण या कसोट्यांत, एएटीसीसी १०० असो वा आयएसओ २०७४३, नेहमी वापरतात ते स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि क्लेब्सिएला न्यूमोनिए. काखेत कांदा-जिरे पिकवणारे हे नव्हेत. आणि कसोटी बशीतल्या तुकड्यावर होते, घामेजलेल्या माणसावर नाही.

मॅक्वीन पुढे कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात गेल्या आणि तिथे त्यांनी हीच खोट पकडली. एकाच टी-शर्टाच्या एका काखेत सिल्व्हर क्लोराइड लावलेले पॉलिएस्टर शिवले, दुसऱ्या काखेत तेच पॉलिएस्टर कोरे. माणूस एक, घाम एक, दिवस एक, फरक फक्त डाव्या-उजव्याचा. २०१३ मध्ये निष्कर्ष छापला: अंगावर घातल्यावर जिवाणूंतही आणि वासातही दखल घ्यावी असा फरक पडला नाही. इतका साधा, शिंपीकामाचा प्रयोग; पण कितीतरी माहितीपत्रके त्याने निकालात काढली.

शिवाय चांदी टिकतेच असे नाही. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या ट्रॉय बेन आणि पॉल वेस्टरहॉफ यांनी २००८ मध्ये चांदीचे मोजे पाण्यात घोळवून पाहिले. काही मोज्यांतली जवळजवळ सगळी चांदी थोडक्याच धुण्यांत पाण्यात उतरली. ते पाणी गटारात जाते, तिथून सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, जिथे पाणी स्वच्छ करण्याचे काम जिवाणूच करत असतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या लेखी जंतुनाशक लावलेला कपडा हा कीटकनाशकाच्या कायद्याचा विषय आहे. ‘कापडाचे जंतूंपासून रक्षण होते’ असे म्हणता येते, ‘तुमचे होते’ असे नोंदणीशिवाय म्हणता येत नाही. चांदीच्या बुटांबाबत असे दावे केल्यावरून २००९ मध्ये ‘द नॉर्थ फेस’च्या मालक कंपनीवर या संस्थेने जवळपास १० लाख डॉलरच्या दंडाची मागणी करणारा दावा लावला होता. आपल्याकडे २०२०च्या टाळेबंदीत विषाणूरोधक सुटिंगच्या जाहिराती कशा धडाक्यात चालल्या, ते वाचकांना आठवत असेल.

वास पकडण्याची वाट मला जास्त प्रामाणिक वाटते. सक्रिय कोळशाच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांत वासाचे रेणू अडकतात. रासायनिक हल्ल्यापासून बचावाच्या लष्करी पोशाखात हाच कोळसा असतो. अमेरिकेतल्या एका कंपनीने नारळाच्या करवंटीचा कोळसा थेट पॉलिएस्टरच्या धाग्यात मिसळला. दुसरा उपाय सायक्लोडेक्स्ट्रिनचा: स्टार्चपासून बनणारा कडीच्या आकाराचा रेणू, जो वासाचा रेणू पोकळीत धरून ठेवतो आणि धुतल्यावर सोडतो. यात कुणाचा जीव जात नाही, त्वचेवरच्या उपयोगी जिवाणूंनाही धक्का नाही. मर्यादा एकच: छिद्रे भरली की काम थांबते. मग धुणे आलेच.

आणि धुण्यातही आपण घोळ घालतो. सुगंधी सॉफ्टनर धाग्यावर थर चढवतो, त्याखाली जुनी स्निग्धता तशीच राहते. पावसाळ्यात दोन दिवस दोरीवर कुबट होणाऱ्या कपड्यांचा वास तर घामाचा नसतोच. काओ या जपानी कंपनीच्या संशोधकांनी २०१२ मध्ये त्याचा संबंध मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस या जिवाणूशी जोडला. कोकणातल्या जुलैत त्यावर कुठलेही लेबल चालत नाही. व्यायामाचे कपडे उलटे करून, घाम वाळण्याआधी, कापडाला सोसेल तितक्या गरम पाण्यात भिजवणे हाच त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय.

सगळ्यांत दुर्लक्षित राहिला तो बेत. जुन्या अंगरख्याच्या आणि पैरणीच्या काखेत एक तिरका चौकोनी तुकडा असे. त्याने हात वर गेला तरी शिवण ताणली जात नसे, आणि कापड काखेला चिकटण्याऐवजी जरा दूर राहून वारा खेळत असे. आजचा स्लिम फिट शर्ट मुंढ्यात उंच आणि घट्ट कापलेला असतो. कापड दिवसभर काखेत दाबलेले, वारा नाही, आणि धागा तेल धरून ठेवणारा. आधी असा शर्ट विकायचा आणि मग त्यावर चांदीचा मुलामा देऊन पुन्हा विकायचा, हा उद्योग चातुर्याचा खरा.

म्हणून माझा कौल सरळ आहे. रोजच्या वापराला सूत किंवा सुताचा वाटा मोठा असलेले कापड, सैल मुंढा, जड पोशाखात काढघालीचे सुती पॅड. पळण्या-पोहण्यासारख्या कामाला पॉलिएस्टर घ्या, पण कोळसावाले मिळाले तर बरे. चांदीला जादा पैसे मोजू नका. हे झाले निवड करू शकणाऱ्यांचे. ज्यांना निवड नाही त्यांचे काय? सोसायटीच्या फाटकावर बारा तास उभा राहणारा रखवालदार आणि भर उन्हात खाण्याचे डबे पोचवणारा पोऱ्या, दोघांच्या अंगावर बहुधा स्वस्त पॉलिएस्टरचा गणवेश असतो, आणि वासाबद्दल नाक मुरडतो आपणच. गणवेशाचे कंत्राट काढणाऱ्या कंपन्या, महापालिका आणि सोसायट्यांच्या कार्यकारिणी यांनी पुढच्या खेपेला मागणीपत्रात रंगासोबत दोन ओळी वाढवाव्यात: कापडात निम्म्याहून अधिक सूत, आणि काखेत जादा तुकडा. आपल्या सोसायटीच्या येत्या सभेत हा विषय मांडून पाहा.