सी ड्राइव्ह पूर्ण कॉपी केला, तरी नवी एसएसडी चालू का होत नाही?

आजचा भाग ऐकून झाला असला, तरी हे लिखित रूप जपून ठेवा. लॅपटॉप उघडून बसाल तेव्हा हाताशी फोनच असणार आहे, आणि मध्ये एका ठिकाणी बटण दाबायच्या आधी थांबून दोनदा वाचायचंय.

तर विषय असा. लॅपटॉप सहा-सात वर्षांचा, आत फिरणारी हार्डडिस्क, आणि चालू व्हायला इतका वेळ की चहा करून पिऊनही होतो. प्रोसेसर बरा आहे, रॅम ८ जीबी आहे. दुकानात नेला की उत्तर ठरलेलं: "एसएसडी टाकू, फॉरमॅट मारून नवीन विंडोज देतो." यातला एसएसडीचा सल्ला शंभर टक्के बरोबर. पण फॉरमॅट शब्द आला की जरा थांबा. त्या लॅपटॉपवर आईच्या भिशीचा हिशोब असतो, बाबांच्या दुकानाचं टॅली असतं, तुमचा प्रोजेक्ट असतो, आणि एखादं असं सॉफ्टवेअर असतं ज्याची सीडी आता घरात कुणालाच सापडणार नाही. हे सगळं, विंडोजसकट, आहे तसं नव्या डिस्कवर नेता येतं. घरी बसून.

आधी एक हिशोब, म्हणजे खर्च कशासाठी ते कळेल. लॅपटॉपमधली नेहमीची हार्डडिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेरीला साधारण ११ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, आणि सुई सरकायचा वेळ वेगळा. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या छोट्या फाइल्स वाचतं, आणि प्रत्येकीला ही रांग. एसएसडीत काही फिरतच नाही, त्यामुळे ही वाट बघणं जवळजवळ संपतं. फरक आहे तो इथे.

आता शीर्षकातला प्रश्न. नवी एसएसडी यूएसबीला जोडली, सी ड्राइव्हमधलं सगळं सिलेक्ट केलं, कॉपी, पेस्ट. झालं की! नाही ना होत. पहिलं कारण म्हणजे विंडोज चालू असताना त्याच्या रजिस्ट्रीच्या फाइल्स उघड्या असतात, त्या साध्या कॉपीला हात लावू देत नाहीत. पण समजा त्याही कशाबशा नेल्या, तरी लॅपटॉप चालू होणार नाही. कारण लॅपटॉपची सुरुवात सी ड्राइव्हपासून होतच नाही.

पॉवरचं बटण दाबल्यावर आधी जागं होतं ते मदरबोर्डवरचं यूईएफआय, ज्याला आपण सवयीने बायोस म्हणतो. त्याला 'सी ड्राइव्ह' ही भानगड माहीतच नाही. ते डिस्कवर एक छोटं, लपवलेलं पार्टिशन शोधतं, ईएफआय सिस्टिम पार्टिशन. बऱ्याच लॅपटॉपवर ते जेमतेम १०० एमबीचं असतं, आणि फाइल एक्सप्लोररमध्ये दिसत नाही. त्यात विंडोजचा बूट मॅनेजर असतो आणि शेजारी एक यादी असते: विंडोज नेमकं कुठे आहे याची. गंमत म्हणजे त्या यादीत 'सी' असं अक्षर नसतं, तर डिस्कचा आणि पार्टिशनचा लांबलचक ओळख क्रमांक असतो. तुम्ही फक्त सी मधल्या फाइल्स नेल्या, म्हणजे घरातलं सामान नेलं, पण दाराची किल्ली आणि पत्ता मागेच राहिला.

लिनक्सवाल्यांनो, तुमचंही वेगळं नाही. एफएसटॅब फाइलमध्ये पार्टिशनचे यूयूआयडी लिहिलेले असतात. ते जुळले नाहीत की सिस्टिम मध्येच अडकते.

म्हणून कॉपी नाही, क्लोन करायचं. पूर्ण डिस्कची झेरॉक्स: लपलेली पार्टिशन्स, ओळख क्रमांक, परवानग्या, सगळं. एसएसडी बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या स्वतःच्या डिस्कसाठी क्लोनिंगचं सॉफ्टवेअर फुकट देतात. ते मिळत असेल तर तेच वापरा. विंडोज चालू ठेवूनच ते काम करतं, कारण डिस्कचा एक स्थिर फोटो काढून त्यावरून कॉपी घेतं. दुसरा पर्याय क्लोनझिला: मोफत, पेनड्राइव्हवरून चालू होतो, दिसायला १९९५ सालचा वाटतो, पण भरवशाचा. डेटा असलेलेच भाग कॉपी करतो, त्यामुळे वेळ वाचतो.

वेळेचं बोलायचं तर ३०० जीबी डेटा आणि सेकंदाला १०० एमबी वेग धरला, तर ५० मिनिटं. यूएसबी २ च्या जुन्या पोर्टला जोडलंत तर वेग ३५ एमबीच्या आसपास घुटमळतो आणि तेच काम सव्वादोन तासांच्या वर जातं. आतून निळं असलेलं पोर्ट बहुधा यूएसबी ३ असतं, ते वापरा.

खरेदीच्या आधी दोन गोष्टी. लॅपटॉपला कुठली एसएसडी बसते ते मॅन्युअलमध्ये बघा. अडीच इंची साटा सरळ जुन्या डिस्कच्या जागी बसते. एम डॉट टू नावाची च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी एसएसडी मात्र दोन जातींची असते, साटा आणि एनव्हीएमई, आणि स्लॉट दिसायला सारखा असला तरी प्रत्येक स्लॉट दोन्ही चालवेलच असं नाही. दुसरं म्हणजे आकार. जुनी डिस्क ५०० जीबीची आणि नवी ४८० ची, २० जीबीने काय होतंय? क्लोनझिला साध्या मोडमध्ये नकार देतो, हे होतं. नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी असेल तर डोक्याला ताप नाही. छोटी घ्यायचीच असेल तर पार्टिशन आपोआप लहान करणारं सॉफ्टवेअर लागेल, आणि डेटा अर्थातच तेवढ्यात मावला पाहिजे.

मोठी घेतली तर वेगळीच गंमत. क्लोन झाल्यावर जास्तीची जागा डिस्कच्या शेवटी मोकळी पडते, आणि सी ड्राइव्ह व ती जागा यांच्यामध्ये रिकव्हरी पार्टिशन आडवं बसलेलं असतं. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकट दिसतं. डिस्क बिघडलेली नाही. क्लोन करतानाच सी मोठा करायचा पर्याय असेल तर तो निवडा.

आता बिटलॉकर. हा मुद्दा कृपया पळवू नका. काही लॅपटॉपवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' तुम्ही काहीही न करता चालू असतं. डिस्क बदलली की लॅपटॉप ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो, आणि ती नसेल तर डेटा समोर असून उघडत नाही. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करून ती की आधी शोधा आणि कागदावर लिहा. त्याच लॅपटॉपवरच्या नोटपॅडमध्ये नको! माझं मत विचाराल तर एन्क्रिप्शन आधी पूर्ण बंद करा, काही तास लागले तर लागू द्या, आणि नव्या डिस्कवर सगळं नीट चाललं की परत चालू करा.

मग महत्त्वाच्या फाइल्स एका बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि ती डिस्क काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. का ते लगेच कळेल.

कारण आता येतं ते थांबायचं ठिकाण. क्लोनिंग सॉफ्टवेअर विचारतं: सोर्स कोण, डेस्टिनेशन कोण? सोर्स म्हणजे जुनी, भरलेली. डेस्टिनेशन म्हणजे नवी, कोरी. उलटं झालं तर कोऱ्या पानाची झेरॉक्स तुमच्या सात वर्षांवर छापली जाते, आणि तिथे अनडू नाही. 'डिस्क ०', 'डिस्क १' या आकड्यांवर विसंबू नका. मॉडेलचं नाव आणि आकार वाचा, एसएसडीच्या स्टिकरशी जुळवा. बाकी सगळे पेनड्राइव्ह काढून टाका, म्हणजे यादीत दोनच नावं उरतील. लिनक्सवर डीडी कमांड वापरणार असाल तर आयएफ म्हणजे कुठून आणि ओएफ म्हणजे कुठे. ती कमांड "नक्की का?" असं विचारतसुद्धा नाही.

क्लोन झालं की पूर्ण शटडाउन करा, रीस्टार्ट नको. चार्जर काढा, जमत असेल तर बॅटरीचा कनेक्टरही, आणि मग डिस्क बदला. पहिल्यांदा चालू करताना लॅपटॉपमध्ये फक्त नवी डिस्क असू द्या. दोन्हींचे ओळख क्रमांक सारखे असू शकतात. मग विंडोज एकीला ऑफलाइन करतं, किंवा जुन्यावरूनच चालू होतं आणि आपण म्हणतो, "एसएसडी टाकूनही फरक नाही."

साटावरून एनव्हीएमईवर गेलात तर निळ्या स्क्रीनवर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' दिसू शकतं. नव्या डिस्कसाठीचा ड्रायव्हर सुरुवातीलाच हजर नव्हता, एवढाच अर्थ. सेफ मोडमध्ये एकदा चालू केलं की बऱ्याचदा गाडी रुळावर येते. बायोसमधली स्टोरेजची आणि बूटची सेटिंग्ज मात्र उगाच बदलू नका. लायसन्सची काळजी नको. विंडोजचं ॲक्टिव्हेशन मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं.

दुकानदाराचा फॉरमॅटचा सल्ला कधी बरोबर ठरतो? व्हायरस शिरलाय, विंडोज मुळातच रोज कोसळतंय, तेव्हा. क्लोनमध्ये माळ्यावरचा पसाराही सोबत येतो. आणि जुनी डिस्क टक-टक आवाज करत असेल, तर क्लोनच्या नादी न लागता आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरने डिस्कची तब्येत आधीच बघता येते. आणखी एक: विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. एसएसडीने लॅपटॉप पळेल, पण हा प्रश्न तसाच राहील.

जुनी डिस्क निदान महिनाभर पुसू नका. टॅली उघडा, प्रिंटर चालवा, ती विसरलेली सॉफ्टवेअर्स एकेक करून बघा. सगळं जागेवर असेल तर ती एका साध्या यूएसबी केसमध्ये टाकून बॅकअपला वापरा. विकायची असेल, तर 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. एन्क्रिप्शन आपणच काढलं होतं, लक्षात आहे ना?