काळ्या दगडाखाली काय आहे?

हिवरे बाजारात शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि वरच्या थरांत मुरलेल्या पाण्यावर भागवायचं, हा तिथला शिरस्ता. नगर तालुक्यातल्या या कमी पावसाच्या पट्ट्यात पाणी मिळतं ते मुरमात, मांजऱ्या खडकात आणि काळ्या पाषाणाच्या फटींत. हे सगळे लाव्ह्याचे थर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. लाव्हा पसरण्याआधी इथे जमीन कशी होती, हे मात्र कोणत्याही विहिरीच्या तळाशी दिसत नाही.

विहिरीची जागा दाखवायला पाणाड्याऐवजी भूवैज्ञानिक आला, तर तो बहुधा जमिनीत वीज सोडून खडकाचा विद्युतरोध मोजतो. शेकडो मीटर खालचं पाहायचं तर कंपनलहरी वापरतात. उथळ छिद्रात छोटा सुरुंग उडवतात किंवा जड ट्रकवरच्या यंत्राने जमीन हादरवतात. रांगेत रोवलेले जिओफोन परत आलेली कंपनं टिपतात. खडक जिथे बदलतो, तिथून लहरीचा काही भाग उलटा फिरतो.

यंत्र खोली मोजत नाही, वेळ मोजतं. बेसॉल्टमध्ये, म्हणजे या काळ्या पाषाणात, लहर सेकंदाला साधारण ५,००० मीटर जाते. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर खोदलेल्या विंधन छिद्रात बेसॉल्ट ३३८ मीटर जाड निघाला. त्याच्या तळापर्यंत जाऊन यायला लहरीला सुमारे ०.१३५ सेकंद लागतील. वेगाचा अंदाज दहा टक्के चुकला की खोलीही तेवढीच चुकते. म्हणून एकाच बिंदूवरून परतलेली लहर जवळच्या आणि दूरच्या जिओफोनवर टिपतात. दूर जावं तसा उशीर वाढतो. त्या वाढीवरून वेग काढतात. मग उशीर वजा करून सगळ्या नोंदी एकमेकींवर रचतात. खरा प्रतिध्वनी ठळक होतो, गोंगाट बराचसा विरतो.

प्रतिध्वनी किती जोरकस येईल, हे घनता आणि वेग यांच्या गुणाकारातल्या फरकावर ठरतं. बेसॉल्टखाली मऊ गाळाचा खडक असेल तर लहरीच्या उंचीचा तिसरा हिस्सासुद्धा परत येऊ शकतो. बेसॉल्ट थेट ग्रॅनाइटवर बसला असेल तर जेमतेम पाच-सहा टक्के. म्हणजे आलेखावर ठळक रेघ दिसली तर गाळाची शंका घ्यायची आणि रेघ पुसट असली तर आधी ग्रॅनाइटचा विचार करायचा. पण दख्खनचा लाव्हा इतका सरळ वागत नाही. घट्ट पाषाण, मांजऱ्या, मधूनच तांबडा थर, पुन्हा पाषाण. प्रत्येक सीमेवर लहर थोडी परतते, थोडी विखुरते. दोन थरांत अडकून उशिरा परतलेली लहर तर खोलवरची खरी रेघ वाटावी अशी फसवते. बारीक तपशील दाखवणाऱ्या उच्च वारंवारतेच्या लहरी वरच्या वर जिरतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात कोयना परिसरात गुहागर–चोरोची आणि केळशी–लोणी या रेषांवर खोल भूकंपीय सर्वेक्षण केलं. तिथे परावर्तनाबरोबर अपवर्तनावरही, म्हणजे थराच्या माथ्यावरून वळून येणाऱ्या लहरींवरही, भिस्त होती. त्यातून पश्चिमेला सुमारे १,५०० मीटर जाड असलेला बेसॉल्ट पूर्वेला ४०० मीटरपर्यंत पातळ होत जातो, असं चित्र निघालं. अपवर्तनाची एक खोड आहे: वेगवान थराखाली मंद थर असला तर त्याच्या माथ्यावरून वळून येणारी लहरच मिळत नाही. बेसॉल्टखालचा गाळ नेमका असाच असतो.

शेवटी छिद्र घ्यावंच लागतं. कोयनेजवळ गोठणे इथे ३ किलोमीटर खोल गेलेल्या छिद्रात १,२४७ मीटरवर बेसॉल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइटी पायाखडक लागला. मध्ये गाळ नव्हता. किल्लारीला होता, फक्त ८ मीटर. सेकंदाला ३० कंपनांची लहर अशा गाळात साधारण १०० मीटर लांब होते आणि थराचा माथा नि तळ वेगळे दिसायला त्याची जाडी लहरीच्या निदान चौथ्या हिश्शाइतकी, म्हणजे २५ मीटर लागते. ८ मीटरच्या थराचे दोन्ही प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून आलेखावर एकच रेघ उमटली असती.