उपसलेला गाळ परत येतो का?

बंदरातून उपसलेला गाळ समुद्रातच दूर नेऊन टाकला, तर भरतीबरोबर तो पुन्हा मूळ जागी येणार नाही कशावरून? मुंबई आणि न्हावा-शेवा येथील बंदरांपुढे हा प्रश्न कायमचा आहे. मोठ्या जहाजांसाठी जलमार्ग नैसर्गिक तळापेक्षा खोल खणावा लागतो. खोली वाढली की तेथे पाण्याचा वेग मंदावतो आणि गाळ बसू लागतो. त्यामुळे उपसा एकदाच करून भागत नाही.

गाळ कोठे जाईल, हे आधी जाणण्यासाठी गणिती मॉडेल वापरले जाते. त्यात समुद्राचे क्षेत्र लहान लहान चौकटींत विभागतात. खोली, भरती-ओहोटी, वारा, लाटा आणि नद्यांचा प्रवाह यांवरून प्रत्येक चौकटीतील पाण्याचा वेग काढतात. मग गाळाचा हिशेब मांडला जातो : किती आला, किती गेला, किती बसला आणि किती पुन्हा ढवळून वर उठला.

वाळूचे कण सुटे वागतात. मुंबईच्या खाडीतील चिखल तसा नाही. खाऱ्या पाण्यात त्याचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून पुंजके बनतात आणि लवकर तळाशी जातात. बरेच दिवस बसलेला थर घट्ट होतो व सहज उचलला जात नाही. म्हणून हे गुणधर्म त्याच जागेच्या नमुन्यांवरून ठरवावे लागतात. शिवाय मोठ्या उधाणात येथील पाणी सुमारे ५ मीटर चढते-उतरते. पावसाळ्यात लाटा तळ ढवळतात आणि उल्हास, पाताळगंगा, अंबा या नद्या माती आणतात. केवळ हिवाळ्यातील मोजणीवर जुलैचे भाकीत करता येत नाही.

वेगाच्या अंदाजातील लहान चूकही महागात पडते. वाळूच्या वहनाच्या अनेक सूत्रांत वेगाचा घन किंवा त्याहून मोठा घात येतो. घन धरला, तरी वेग १० टक्क्यांनी जास्त मोजल्यास वहन ३३ टक्क्यांनी फुगते. म्हणूनच मॉडेल आधी प्रत्यक्ष मोजणीशी जुळवतात आणि नंतर न वापरलेल्या नोंदींवर तपासतात.

पुण्याजवळ खडकवासला येथील, १९१६ साली स्थापन झालेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात बंदरांसाठी असे अभ्यास होतात. गाळाचा अचूक आकडा मिळणे कठीण. मात्र दोन जागांपैकी कोणती कमी धोक्याची, हे मॉडेल बऱ्याच विश्वासाने सांगू शकते. हा निर्णय चुकला, तर तोच गाळ पुन्हा उपसण्याचा खर्च बंदराला सोसावा लागतो आणि गढूळ पाण्याचा फटका मच्छीमारांना बसतो.