उरलेले अन्न आणि फ्रीझर

घरात दोनच वयोवृद्ध माणसे असली, की कितीही बेताने रांधले तरी वाटीभर आमटी वा उसळ उरतेच. टाकवत नाही म्हणून ती दोन-तीन दिवस पुरवली जाते. त्याऐवजी ती गोठवावी. मात्र उणे १८ अंशांतही सर्व जंतू मरत नाहीत. त्यांची वाढ तेवढी थांबते. म्हणून अन्न शिजल्यापासून दोन तासांच्या आत, एका जेवणापुरत्या लहान डब्यांत, तारीख घालून फ्रीझरमध्ये ठेवावे. आदल्या रात्री डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवावा. ओट्यावर ठेवू नये. खाण्यापूर्वी अन्न खळखळून उकळावे; उरलेले पुन्हा गोठवू नये. वीज जाऊन डबा वितळून कोमट झाला असल्यास मोह आवरावा. उतारवयात साध्या जुलाबांनीही शरीरातील पाणी झपाट्याने घटते, आणि वाटीभर आमटीपायी रुग्णालय गाठावे लागते.